झाडावर विश्वास असेल तर त्याची परीक्षा होऊ द्या

हळद, कवचबीज, अश्वगंधा, ग्रीन टी, जांभळाची पावडर, लक्ष्मणफळाच्या पानांचा काढा. कोल्हापुरात कुणाच्या घरी कंपवात म्हणजे पार्किन्सन्स निघाला की आठवड्याभरात ही सगळी यादी त्या घरात पोचलेली असते, पै-पाव्हणे सांगतात, तालमीतले मित्र सांगतात, मोबाईलवर तर रोज काहीतरी येतंच. मी मेडिकलमध्ये काउंटरला बसते, त्यामुळं चिठ्ठीवरच्या गोळ्या पिशवीत टाकून झाल्या की पुढचा प्रश्न बहुतेक वेळा मला आधीच माहीत असतो. "ताई, झाडपाल्याचं काही नाही का, जे आजार वाढूच देणार नाही?"

प्रश्न चांगला आहे. जगातल्या मोठ्या मोठ्या लॅबमध्ये हाच प्रश्न गेली कित्येक वर्षं चाललाय. पण त्याचं आजचं खरं उत्तर असं आहे की माणसाला कंपवातापासून वाचवतं किंवा त्याचा वेग कमी करतं असं एकाही वनस्पतीबद्दल, एकाही द्रव्याबद्दल अजून सिद्ध झालेलं नाही. तरीही पाकिटावर "मेंदूचं रक्षण" आणि "कंपवातावर रामबाण" छापून पावडरी विकल्या जातात, ते बंद व्हायला पाहिजे असं माझं मत आहे. आणि त्याच दमात हेही म्हणते की आपल्या झाडांची नीट, माणसांवरची, सगळ्यांसमोर आकडे ठेवणारी तपासणी सरकारी पैशातून व्हायला पाहिजे. दोन्ही एकत्रच मागायला हवं. नुसतं बंद करा म्हटलं तर लोक म्हणणार ह्यांना आयुर्वेदच नको आहे, आणि नुसतं संशोधन करा म्हटलं तर तोपर्यंत विकणारे विकतच राहणार.

आधी आजाराचं थोडं. मेंदूत खोलवर एक काळसर पट्टा असतो, तिथल्या पेशी डोपामिन बनवतात आणि त्या डोपामिनवर आपली हालचाल चालते. कंपवातात ह्या पेशी हळूहळू मरतात. हात थरथरायला लागतो, चाल बारीक होते, चेहऱ्यावरचे भाव कमी होतात, तोवर त्यातल्या बऱ्याच पेशी गेलेल्या असतात, आणि वास न येणं, बद्धकोष्ठता, झोपेत हातपाय झाडणं हे तर त्याच्याही कित्येक वर्षं आधीपासून सुरू असू शकतं. म्हणजे आजार होऊच न देणं, झालेल्या आजाराचा वेग कमी करणं, आणि रोजचा त्रास हलका करणं, ही तीन पूर्ण वेगळी कामं आहेत. तिसरं काम करणाऱ्या गोष्टी आपल्याकडं आहेत. पहिल्या दोन कामांसाठी जग अजून शोधतंय. विकणारा मात्र तिसऱ्याचा अनुभव दाखवून पहिल्याचे पैसे घेतो.

ह्यात कवचबीजाची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची आहे, आणि ती मी सविस्तर सांगणार कारण दोन्ही बाजूचे लोक ती अर्धीच सांगतात.

कवचबीज म्हणजे खाजकुयलीचं बी. कुंपणाला चढणारा तो वेल, शेंगेवरची लव लागली की अंग खाजून खाजून लाल होतं, गावाकडच्या माणसाला वेगळं सांगायला नको. आयुर्वेदात कंपवाताच्या उपचारात ते जुन्या काळापासून आहे. १९१३ साली युरोपात मार्कुस गुगेनहाइमनं बाकल्याच्या शेंगेतून लेव्होडोपा नावाचं द्रव्य वेगळं काढलं, आणि १९३७ साली मद्रासच्या दामोदरन आणि रामस्वामी ह्या दोघांनी तेच द्रव्य खाजकुयलीच्या बियांत सापडल्याचं छापलं. तेव्हा त्याचा कंपवाताशी संबंध कुणालाच माहीत नव्हता. तो कळला दुसऱ्याच एका भारतीय झाडामुळं, सर्पगंधेमुळं. सर्पगंधेतलं रेसर्पिन तेव्हा बीपीवर देत होते, मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील ह्यांचा सर्पगंधेवरचा १९४९ चा पेपर जगभर वाचला गेला होता. हे रेसर्पिन जास्त झालं की काही पेशंट कंपवात झाल्यासारखे जखडायचे. स्वीडनच्या आर्विड कार्लसन ह्यांनी १९५७ साली सशांना रेसर्पिन दिलं, ससे निपचित पडले, मग लेव्होडोपा टोचलं आणि ते परत हालचाल करायला लागले. २००० साली त्यांना नोबेल मिळालं ते ह्याच डोपामिनच्या कामासाठी. पुढं १९६७ साली अमेरिकेत जॉर्ज कोटझियास ह्यांनी डोस हळूहळू वाढवत नेऊन माणसांत गुण दाखवला. आज कंपवाताच्या चिठ्ठीवर जी मुख्य गोळी असते तिच्यात हेच लेव्होडोपा असतं, सोबत कार्बिडोपा, म्हणजे ते रक्तातच वाया न जाता मेंदूपर्यंत पोचावं.

तर "ॲलोपॅथीवाले झाडांना मानत नाहीत" हे मला कुणी सांगू नये. ते मानतात, मोजून मानतात.

आता उरलेली अर्धी बाजू. लेव्होडोपा त्रास कमी करतं हे कुणीच नाकारत नाही, पण ते आजाराचा वेग कमी करतं का? हे नेदरलँड्समध्ये ४४५ पेशंटवर तपासलं, निकाल २०१९ साली आला. अर्ध्यांना लगेच गोळी सुरू केली, अर्ध्यांना ४० आठवडे उशिरा, आणि ८० आठवड्यांनी दोन्ही गट सारखेच निघाले. लवकर सुरू केल्यानं आजार मंदावला नाही आणि बिघडलाही नाही. म्हणजे वनस्पतीत सापडलेलं, जगात सगळ्यात जास्त उपयोगी पडलेलं जे द्रव्य, तेसुद्धा संरक्षण देत नाही. मग कवचबीजाच्या डब्यावर संरक्षण कुठून आलं?

त्रास कमी करायला कवचबीज चालतं का, तर चालतं, त्याचे छोटे अभ्यास झालेत. २००४ साली लंडनमध्ये ८ पेशंटवर केलेल्या अभ्यासात ३० ग्रॅम पावडरीचा असर गोळीपेक्षा लवकर सुरू झाला आणि जास्त वेळ टिकला. ऐकायला फार छान. पण नंतर दुसऱ्या एका १६ आठवड्यांच्या ट्रायलमध्ये १४ पैकी ७ जणांनी कवचबीज मधेच सोडलं, काहींना पोटाचा त्रास झाला, काहींची हालचाल बिघडली. आणि २०२२ साली अमेरिकेत बाजारातल्या कवचबीजाच्या १६ सप्लिमेंट तपासल्या तर एका डोसमध्ये कुठं २ मिलिग्रॅम लेव्होडोपा तर कुठं २४१ मिलिग्रॅम. जो पेशंट आधीच डॉक्टरांची गोळी घेतोय त्यानं न सांगता वरून ही पावडर सुरू केली तर त्याचा एकूण डोस किती झाला हे डॉक्टरलाही कळणार नाही. मग अंग वेडंवाकडं हलायला लागतं, बीपी पडतं, भास होतात, आणि घरचे म्हणतात आजार वाढला. काउंटरवर मी ह्यासाठीच विचारते की अजून काय चालू आहे, आणि बहुतेक जण सांगतात "काही नाही, थोडं आयुर्वेदिक". हे थोडं आयुर्वेदिक डॉक्टरांच्या कानावर गेलंच पाहिजे.

ह्याच्याही पुढचा मुद्दा जो कुणी फॉरवर्ड करत नाही. वनस्पतीतली काही द्रव्यं कंपवातातल्यासारखं नुकसान करणारी पण आहेत. रोटेनोन हे डेरिस जातीच्या वेलींच्या मुळांत मिळणारं द्रव्य, मासे मारायला आणि कीडनाशक म्हणून वापरलं गेलं, नैसर्गिक म्हणून त्याचं कौतुकही झालं. २००० साली अमेरिकेत उंदरांना ते सतत दिल्यावर त्यांच्या डोपामिनच्या पेशी मेल्या आणि त्यांची हालचाल कंपवातासारखी झाली. २०११ साली अमेरिकेतल्याच फवारणी करणाऱ्या आणि शेतकरी लोकांच्या अभ्यासात रोटेनोन किंवा पॅराक्वाट वापरलेल्यांत कंपवाताचं प्रमाण साधारण अडीच पट दिसलं. पॅराक्वाट हे तणनाशक युरोपात २००७ पासून बंद आहे, आपल्याकडं शेतकी दुकानांत मिळत आलंय, आणि हातमोजे न घालता, तोंडाला नुसता रुमाल बांधून फवारणारी माणसं मी आमच्या पंचक्रोशीत लहानपणापासून बघत आलेय. मेंदूच्या रक्षणाची एवढीच काळजी असेल तर पावडरीच्या आधी ह्यावर बोललं पाहिजे.

आणि लक्ष्मणफळ. कॅन्सर बरा करतं म्हणून ह्याच्या पानांचा बोलबाला झाला, आता मेंदूसाठी पण सांगतात. कॅरिबियन बेटांतल्या ग्वादलुपमध्ये डॉक्टरांच्या लक्षात आलं की तिथं कंपवातासारखा पण नेहमीच्या गोळीला दाद न देणारा आजार फार आहे, आणि त्या पेशंटच्या खाण्यात लक्ष्मणफळाच्या जातीची फळं आणि पानांचा चहा जास्त आहे, हे १९९९ साली छापून आलं. त्या फळात अ‍ॅनोनासिन असतं, ते पेशीतल्या ऊर्जा बनवणाऱ्या यंत्रणेला तिथंच अडवतं जिथं रोटेनोन अडवतं. उंदरांच्या मेंदूला त्यानं इजा झाल्याचं नंतर दाखवलं गेलं. ग्वादलुपमध्ये फळामुळंच आजार झाला हे शंभर टक्के सिद्ध झालंय असं मी म्हणणार नाही, पण कंपवाताच्या माणसाला रोज ह्याच पानांचा काढा करून पाजणं मला धडधडीत चुकीचं वाटतं. कधीतरी फळ खाल्लं म्हणून घाबरायचं कारण नाही, रोजचा काढा वेगळा.

आता संरक्षणाच्या बाजूचा जो खरा पुरावा आहे तो बघू, कारण तो आहे, आणि तो मला मनापासून आशादायक वाटतो. हवाईतल्या होनोलुलूमध्ये जपानी वंशाच्या ८००४ पुरुषांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं, २००० साली निकाल छापला, कॉफी अजिबात न पिणाऱ्यांत कंपवात सगळ्यात जास्त कॉफी पिणाऱ्यांच्या साधारण पाच पट. २०१२ साली अमेरिकेतल्या सव्वा लाखाच्या वर माणसांच्या आहाराचा अभ्यास आला, त्यात फ्लॅव्होनॉइड, म्हणजे फळं, भाज्या, चहा ह्यांत असणारी द्रव्यं, जास्त खाणाऱ्या पुरुषांत धोका ४० टक्क्यांनी कमी दिसला, बायकांत एकूण फ्लॅव्होनॉइडबाबत तसं दिसलं नाही, पण बेरीच्या जातीची फळं आणि त्यातली जांभळी-निळी रंगद्रव्यं ह्यांचा संबंध विशेष दिसला. ही रंगद्रव्यं आपल्या जांभळात आणि करवंदात भरपूर असतात, मे महिन्यात राधानगरी-गगनबावड्याकडून पाट्या येतात त्यात. आणि कोल्हापूरकरांना आवडेल असं एक, २०१३ साली सिएटलच्या लोकांनी ४९० नवे पेशंट आणि ६४४ निरोगी माणसं ह्यांचं खाणं तपासलं, मिरचीच्या वर्गातल्या भाज्या, विशेषतः ढोबळी मिरची जास्त खाणाऱ्यांत कंपवात कमी दिसला. मिरची आणि तंबाखू एकाच कुळातल्या, मिरचीत निकोटिन अगदी चिमूटभर असतं, आणि तंबाखू ओढणाऱ्यांत कंपवात कमी दिसतो हे तर खूप अभ्यासांत आलंय.

इथंच थांबलं तर काय होईल? निपाणीच्या पट्ट्यातली तंबाखू आणि घराघरातली मिश्री औषध म्हणून मिरवायला लागेल. म्हणून पुढचं वाचायला लागतं. निकोटिनचा पॅच १६३ नव्या पेशंटवर वर्षभर तपासला, २०२३ साली निकाल आला, आजार मंदावला नाही. कॅफिनची गोळी १२१ पेशंटना दिली, २०१७ चा निकाल, फायदा नाही. ग्रीन टीतलं द्रव्य कंपवाताच्या जवळच्या पण वेगळ्या आजारात, मल्टिपल सिस्टिम अ‍ॅट्रॉफीत तपासलं, २०१९ साली कळलं की फायदा तर नाहीच, काहींच्या लिव्हरला त्रास झाला. ई जीवनसत्त्व १९९३ साली ८०० पेशंटच्या मोठ्या ट्रायलमध्ये फेल गेलं, कोएन्झाइम क्यू टेन २०१४ साली ६०० पेशंटमध्ये. ह्या सगळ्यांच्या मागं लॅबच्या प्लेटमध्ये वाढवलेल्या पेशी, उंदीर आणि लोकांच्या आहाराचे अभ्यास चांगलेच होते. तरी माणसात जमलं नाही. कारण काय असेल ह्यावर वाद आहेत, एक म्हणजे आपण फार उशिरा देतो, पेशी गेल्यावर. दुसरं म्हणजे उलटं पण असू शकतं, ज्यांच्या मेंदूत आजार वर्षानुवर्षं आतून चाललाय त्यांना कॉफीची, सिगरेटची ओढच कमी वाटत असेल.

ह्या पुराव्याशी प्रामाणिक राहायचं असेल तर एक कडू गोष्ट पण ऐकावी लागेल. होनोलुलूच्या त्याच माणसांत दूध तपासलं, रोज अर्ध्या लिटरच्या वर दूध पिणाऱ्यांत कंपवाताचा धोका अजिबात न पिणाऱ्यांच्या दुपटीहून जास्त निघाला, आणि अमेरिकेतल्या इतर मोठ्या अभ्यासांतही दूध आणि कंपवात ह्यांचा संबंध दिसलाय. गंगावेशीत म्हशीचं ताजं दूध उभ्यानं पिणाऱ्या गावात हा मेसेज कधी कुणी फॉरवर्ड केलाय? नाही ना. मी दूध सोडा असं म्हणत नाही, एवढ्या पुराव्यावर कुणीच तसं सांगू नये. पण मग तेवढ्याच पुराव्यावर जांभळाची पावडर "मेंदूरक्षक" म्हणून विकत घेऊ नये. आपल्याला जे आवडतं त्याचा पुरावा पुरेसा आणि जे आवडत नाही त्याचा अपुरा, असं करून चालणार नाही.

हळदीवर थोडक्यात सांगते, कारण सांगली शेजारीच आहे आणि हळदीवर माझं स्वतःचं प्रेम आहे. हळदीत कर्क्युमिन साधारण ३ टक्क्यांच्या आसपास, त्यातलं रक्तात पोचतं फारच थोडं. मिऱ्यातल्या पाइपरिनबरोबर दिलं की रक्तातलं प्रमाण खूप वाढतं हे बंगळूरच्या संशोधकांनी १९९८ साली दाखवलं, पण पाइपरिन ते करतं लिव्हरचं औषधं मोडायचं काम अडवून, म्हणजे बाकीच्या गोळ्यांचं प्रमाणही बदलू शकतं. २०१७ साली कर्क्युमिनवरच्या सगळ्या कामाचा मोठा आढावा निघाला, त्यात कुठल्याही आजारावर नीट केलेल्या डबल ब्लाइंड ट्रायलमध्ये (म्हणजे खरं औषध कुणाला मिळतंय हे पेशंटला आणि डॉक्टरलाही माहीत नसतं अशा) ते यशस्वी ठरल्याचं सापडलं नाही. भाजीत हळद घाला, भरपूर घाला. कॅप्सूलवर महिन्याचे हजार रुपये घालवायच्या आधी विचार करा.

ह्यावर लोकांचं एक म्हणणं असतं ते मला अर्धं पटतं. ते म्हणतात, झाडाला पेटंट मिळत नाही म्हणून मोठ्या कंपन्या त्यावर ट्रायल करत नाहीत, मग पुरावा येणार कुठून? बरोबर आहे. कवचबीज गरीब पेशंटसाठी स्वस्त पर्याय ठरू शकतं का हे बघण्यात कंपनीला काय मिळणार? म्हणूनच ते काम सार्वजनिक पैशातून व्हायला पाहिजे, आणि कोल्हापूर त्यासाठी फार चांगली जागा आहे. शिवाजी विद्यापीठाचा वनस्पतीशास्त्र विभाग सह्याद्रीच्या झाडांवर कित्येक वर्षं काम करतोय, सीपीआर ह्या सरकारी दवाखान्याला जोडलेलं मेडिकल कॉलेज आहे, आयुर्वेदाचे जाणकार वैद्य आहेत. सुरुवात छोटी करता येईल. बाजारातल्या, लक्ष्मीपुरीतल्या काष्ठौषधीच्या दुकानातल्या कवचबीजाच्या पावडरी आणायच्या, त्यात लेव्होडोपा किती आहे ते मोजायचं, आणि आकडे मराठीत जाहीर करायचे. मग वैद्य आणि न्यूरोलॉजिस्ट दोघांनी मिळून पेशंटवर ट्रायल आखायची, निकाल वाईट आला तरी छापायचा. आयुर्वेदाचा ह्यात अपमान कुठं आहे? ग्रंथातला आधार दाखवून लायसन मिळवणं आणि पेशंटला खरंच गुण येतो हे दाखवणं ह्यात दुसरं जास्त मानाचं आहे.

हे करताना जंगलाचं पण बघायला लागेल. नरक्याचं काय झालं ते आपल्या जिल्ह्याला ठाऊक आहे, कॅन्सरच्या औषधाचं द्रव्य त्यात सापडलं आणि कोल्हापूर-सिंधुदुर्गच्या जंगलातून ते झाड तोडून तोडून चोरट्या वाटेनं बाहेर गेलं. उद्या एखाद्या रानवेलीबद्दल "कंपवातावर गुणकारी" अशी बातमी आली तर तिचंही तेच होणार. लागवडीचा विचार बातमीच्या आधी पाहिजे.

आणि जाहिरातींसाठी नवा कायदा लागत नाही. १९५४ चा ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज कायदा आहे, त्याच्या यादीत मेंदूचे आणि मज्जासंस्थेचे विकार स्पष्ट लिहिलेत, म्हणजे हे आजार बरे करतो, टाळतो अशी जाहिरात करायलाच बंदी आहे. केबलवर, पेपरच्या आतल्या पानावर, मोबाईलवर अशी जाहिरात दिसली तर फोटो काढून एफडीएकडं, म्हणजे राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडं, तक्रार करा, मी करते.

पेशंटच्या घरच्यांसाठी आज हातात काय आहे? व्यायाम. २०१८ साली अमेरिकेत १२८ नव्या पेशंटवर तपासलं, ज्यांनी ट्रेडमिलवर खरंच दम लागेल असा व्यायाम सहा महिने केला त्यांची लक्षणं जवळपास आहे तिथंच राहिली, न करणाऱ्यांची वाढली. ही गोष्ट सुद्धा मोठ्या ट्रायलनं पक्की व्हायची आहे, पण व्यायामाचे बाकी फायदे इतके आहेत की वाट बघायची गरज नाही. गावात एवढ्या तालमी आहेत, सकाळी दहानंतर बरेच हॉल मोकळे असतात. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ पेशंट आणि घरच्यांना एकत्र आणतं, तसं इथं एखाद्या तालीम मंडळानं फिजिओथेरपिस्ट बोलवून आठवड्यातून तीन दिवस कंपवाताच्या माणसांना जागा दिली तर कितीतरी आण्णा-आबा घरातल्या खुर्चीतून उठतील.

आणि दोन गोष्टी काउंटरवरून. लेव्होडोपाची गोळी आणि प्रोटीन आतड्यात एकाच वाटेनं आत जातात, त्यामुळं मटणाच्या जेवणावर किंवा दुधाच्या ग्लासाबरोबर गोळी घेतली की असर कमी होतो, साधारण अर्धा तास आधी रिकाम्या पोटी घ्या, मळमळत असेल तर डॉक्टरांना विचारून बिस्किटाबरोबर घ्या. दुसरं म्हणजे झाडपाला सुरू केला म्हणून ही गोळी स्वतःच्या मनानं एकदम बंद करू नका, अचानक बंद केल्यानं तीव्र ताप येऊन अंग लाकडासारखं ताठ होऊ शकतं आणि ते जिवावर बेततं. घरात चालू असलेल्या सगळ्या पावडरी, काढे, कॅप्सूल एका पिशवीत घालून पुढच्या व्हिजिटला डॉक्टरांच्या टेबलावर ठेवा, लाजू नका, डबे आणि लेबलं सकट.